५०० मिलिसेकंदांचा टाइमआउट कायमचा का अडकतो: ३२-बिट बोर्ड, ६४-बिट टाइम-टी आणि सॉकेट

प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. तुमच्याकडे ३२-बिट एआरएमचे बोर्ड आहेत. त्यांच्यावर यूडीपीने मीटरचं रीडिंग गोळा करणारा सी भाषेतला प्रोग्रॅम चालतो. २०३८ ची तयारी म्हणून तुम्ही टाइम-बिट्सचा मॅक्रो (वेळेचा आकडा किती बिटांचा ते ठरवणारा) ६४ करून सगळं पुन्हा बिल्ड केलंत. कम्पायलरने हूं की चूं केलं नाही. बोर्डावर टाकल्यावर मात्र दोन गोष्टी बिघडल्या. पॅकेट आल्याच्या वेळेचा शिक्का कधी मिळतो, कधी मिळत नाही. आणि ५०० मिलिसेकंदांचा रिसीव्ह-टाइमआउट लावलेला थ्रेड, मीटर गप्प बसला की, कायमचा अडकून बसतो. अर्ध्या बोर्डांवर कर्नल ४.१४ आहे, अर्ध्यांवर ५.१०. तुम्ही विचारताय, हा सी लायब्ररीचा बग आहे का, आणि आकारांची अदलाबदल करणारा मधला थर आम्हीच लिहावा का?

बग लायब्ररीत नाही. आणि तो थर कृपा करून लिहू नका. मी लिहिला होता एकदा, त्याबद्दल पुढे सांगतो.

तुम्ही याला एक अडचण समजताय, पण त्या दोन आहेत. मूळ एक, पण एकीचा दोष तुमच्या कोडमध्ये आहे आणि दुसरीचा तुमच्या बफरच्या मापात. औषधंही वेगवेगळी. (फंक्शनांची नावं आपण बोलताना उच्चारतो तशीच लिहितोय, कोडमध्ये ती कशी दिसतात ते तुम्हाला माहीत आहे.)

मूळ काय ते पाहू. ३२-बिट लिनक्सवर टाइम-टी, म्हणजे वेळ सेकंदांत ठेवणारा प्रकार, पूर्वापार चार बाइटचा, चिन्हासह. त्यात १९७० च्या सुरुवातीपासूनचे जास्तीत जास्त २१४७४८३६४७ सेकंद मावतात, म्हणजे १९ जानेवारी २०३८, आपल्याकडच्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्यापुढचा सेकंद उलटा होऊन डिसेंबर १९०१ मध्ये जातो. म्हणून टाइम-टी आठ बाइटचा करायचा, हे सरळ आहे. पण त्याबरोबर टाइमव्हॅल हे सेकंद आणि मायक्रोसेकंद ठेवणारं स्ट्रक्चर ८ बाइटचं १६ बाइटचं होतं, आणि ते स्ट्रक्चर जिथे जिथे कर्नलच्या हाती जातं तिथे तिथे दोन्ही बाजूंना एकच माप माहीत असावं लागतं.

बहुतेक फंक्शनांच्या बाबतीत हे काम लायब्ररी गुपचूप करते. तुम्ही क्लॉक-गेट-टाइम लिहिता, हेडर त्याला आतल्या आत ६४-बिट वेळेच्या वेगळ्या सिम्बॉलकडे वळवतं, आणि तो सिम्बॉल वेगळा सिस्टम कॉल करतो. प्रकार ठरलेले असल्यामुळे चूक झालीच तर कम्पायलर ओरडतो.

सॉकेटचं तसं नाही. सॉकेटचे पर्याय लावणाऱ्या सेटसॉकऑप्टला तुम्ही काय देता? एक आकडा, एक व्हॉइड पॉइंटर आणि एक लांबी. व्हॉइड पॉइंटरच्या पलीकडे आठ बाइट आहेत की सोळा, की तुमच्या आजोबांचा फोटो आहे, हे कम्पायलरला कळायला मार्ग नाही. रिसीव्हमेसेजमधून परत येणाऱ्या सी-मेसेजचंही, म्हणजे पॅकेटसोबत जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठीचंही, तेच. तिथे तर डेटा कर्नल लिहितो आणि तुम्ही कास्ट करून वाचता. वॉर्निंग न येणं म्हणजे सगळं ठीक असणं, हा समज या दोन फंक्शनांपुरता सोडून द्या.

मग कर्नलला कळणार कसं की समोरचा कुठलं माप घेऊन आलाय? २०१९ मध्ये आलेल्या कर्नल ५.१ ने यावर साधा उपाय केला, तो म्हणजे नवे आकडे. दीपा दिनमणी यांच्या पॅचमालिकेतून हे सॉकेटचे पर्याय आले. एआरएम आणि एक्स८६ वर रिसीव्ह-टाइमआउटचा जुना आकडा २०, नवा ६६. सेंड-टाइमआउटचा जुना २१, नवा ६७. टाइमस्टॅम्पचा, म्हणजे वेळेच्या शिक्क्याचा, जुना २९, नवा ६३. नॅनोसेकंदवाल्या टाइमस्टॅम्पचा जुना ३५, नवा ६४. जुन्या आकड्याबरोबर जुनं माप, नव्याबरोबर नवं. कर्नलच्या हेडरमध्ये जुन्या नावांना 'ओल्ड' आणि नव्यांना 'न्यू' अशी शेपटी आहे. आपण नेहमी लिहितो ते बिनशेपटीचं नाव हा आता मॅक्रो आहे. तो टाइम-टीचा साइझऑफ पाहतो आणि दोनपैकी एक आकडा निवडतो.

म्हणजे तो आकडा नुसतं पर्यायाचं नाव नाही. 'मी या मापाचं स्ट्रक्चर घेऊन आलोय' असा तुम्ही कर्नलला दिलेला तो शब्द आहे. आकडा आणि आकार ही जोडी आहे, आणि तुमची दोन्ही दुखणी ही जोडी कुठेतरी तुटल्यामुळे आहेत.

आता तुमचा टाइमआउट. तुम्ही ५.१० वाल्या बोर्डावरची स्ट्रेसची (प्रोग्रॅम कर्नलला काय सांगतो ते दाखवणारं साधन) जी एक ओळ चिकटवलीय, तिच्यातच उत्तर आहे. पर्याय दिसतोय रिसीव्ह-टाइमआउट-ओल्ड, शेवटची लांबी दिसतेय १६, आणि परत आलंय शून्य, म्हणजे यशस्वी. ओल्ड आणि १६ ही जोडी सरळ मार्गाने कधी तयार होत नाही. ६४-बिट टाइम-टी असलेल्या कोडने हेडरचं नाव वापरलं असतं तर न्यू आणि १६ दिसलं असतं. जुन्या बिल्डमध्ये ओल्ड आणि ८ दिसलं असतं. ओल्ड आणि १६ दिसतं तेव्हा कुणीतरी २० हा आकडा हाताने लिहून ठेवलाय असं समजा. तुमच्या कुठल्या तरी जुन्या हेडरमध्ये, एखाद्या वेंडरच्या एसडीकेमध्ये, किंवा सी सोडून दुसऱ्या भाषेच्या बाइंडिंगमध्ये. ग्रेप मारा, सापडेल.

पण कर्नलने तक्रार का केली नाही? कारण तो लांबी 'निदान इतकी तरी' एवढीच तपासतो. जुन्या पर्यायासाठी त्याला ८ बाइट हवेत, तुम्ही १६ दिलेत, तो खूश. पहिले आठ उचलले आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता ते पहिले आठ बाइट काय आहेत ते पाहा. तुमच्या नव्या टाइमव्हॅलमध्ये पहिले आठ बाइट म्हणजे फक्त सेकंद, नंतरचे आठ मायक्रोसेकंद. ५०० मिलिसेकंद म्हणजे सेकंद ०, मायक्रोसेकंद ५०००००. पहिले आठच्या आठ बाइट शून्य. कर्नल त्यातले चार बाइट सेकंद म्हणून वाचतो, चार मायक्रोसेकंद म्हणून. दोन्ही शून्य. आणि या पर्यायात शून्य-शून्यचा अर्थ 'लगेच परत ये' असा नसून 'कितीही वेळ थांब' असा आहे.

म्हणून तुमचा थ्रेड अडकतो. अर्ध्या सेकंदाचा टाइमआउट अनंत झाला.

याची खरी गंमत, म्हणजे ज्याच्यावर येते त्याला गंमत वाटत नाही, अशी की पूर्ण सेकंदांचे टाइमआउट बरोबर चालतात. ५ सेकंद दिलेत तर लिटल-एंडियन बोर्डावर (जिथे आकड्याचे खालचे बाइट आधी येतात) खालचे चार बाइट ५, वरचे चार ०, आणि कर्नल ५ सेकंदच वाचतो. अडीच सेकंद दिलेत तर २ होतात, ते कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त सेकंदाच्या आतले टाइमआउट मरतात. बिग-एंडियन बोर्डावर नेमकं उलटं होतं: वरचे चार बाइट आधी येतात, ते शून्य, आणि ५ हा आकडा मायक्रोसेकंदांच्या जागी जाऊन बसतो. पाच सेकंदांऐवजी पाच मायक्रोसेकंद. तिथे निदान प्रोग्रॅम लगेच बोंबलतो. लिटल-एंडियनवर तो शांतपणे चालत राहतो, हे जास्त वाईट.

आमच्याकडे हे घडलं तेव्हा एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचा गेटवे बसवलेला होता. पुण्यातल्या लॅबमध्ये आठवडाभर सुरळीत. कारखान्यावर गाळप सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी फोन, 'साहेब, मशीन झोपलं.' रीस्टार्ट केलं की उठायचं, काही तासांनी पुन्हा झोपायचं. आम्ही नेटवर्कला शिव्या घातल्या, स्विच बदलला, वायरिंगवाल्याला दोष दिला. लॅबमध्ये काटा प्रत्येक विचारणेला उत्तर द्यायचा, त्यामुळे टाइमआउटची वेळच यायची नाही. कारखान्यावर ट्रॅक्टरच्या धक्क्याने केबल क्षणभर सैल झाली, एक पॅकेट हरवलं, आणि थ्रेड त्या एका उत्तराची वाट पाहत बसला. २०० मिलिसेकंदांचा टाइमआउट होता. हेडरमध्ये २० हा आकडा कुणीतरी कधीतरी 'या टूलचेनमध्ये हे डिफाइन नाही' म्हणून लिहिला होता. ते हेडर माझंच होतं, हे टीमला सांगायला मला दोन दिवस लागले.

उपाय एका ओळीचा: हाताने लिहिलेला आकडा काढा, हेडरचं नाव वापरा, आणि त्या आकड्याच्या जागी ६६ लिहून मोकळे होऊ नका. ६६ लिहिलात तर उद्या कुणी ती फाइल ३२-बिट टाइम-टीने कम्पाइल करील आणि तीच जोडी दुसऱ्या बाजूने तुटेल. तेव्हा निदान आकार लहान पडल्यामुळे कर्नल ई-इनव्हॅल ही चूक देईल, एवढाच दिलासा. शिवाय हे आकडे सगळीकडे सारखे नसतात. पॉवरपीसीवर जुना रिसीव्ह-टाइमआउट १८ आहे, मिप्सवर तर तो हेक्समध्ये १००६ आहे. हेडरवर सोडा. फक्त टूलचेनमधले कर्नल-हेडर ५.१ किंवा त्यापुढचे आहेत ना तेवढं पाहा, कारण जुना-नवा निवडण्याचं काम तेच हेडर करतं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर नव्या कोडमध्ये मी हा पर्याय वापरतच नाही. पोल वापरतो, म्हणजे डेटा आलाय का ते ठरावीक वेळ थांबून पाहणारी हाक. पोलला मिलिसेकंद साध्या इंट म्हणून द्यायचे असतात, तिथे टाइमव्हॅल नाही, आकार नाही, २०३८ नाही. पण तुमचा कोड जुना आहे, शंभर ठिकाणी ब्लॉकिंग रिसीव्ह असेल, तर हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, हे मान्य.

आता वेळेच्या शिक्क्याकडे. इथे तुमच्या कोडने आकडा बरोबर दिलाय असं मी धरून चालतो, कारण काही बोर्डांवर शिक्का मिळतोय. तुम्ही 'कधी मिळतो, कधी नाही' म्हणता. माझी पैज अशी की ५.१० वर तो नेहमी मिळतो आणि ४.१४ वर कधीच मिळत नाही. लॉगमध्ये बोर्डाचा नंबर बघून ताडून पाहा.

५.१० वर काय होतं: सेटसॉकऑप्ट ६३ घेऊन जातो, कर्नलला ६३ कळतो, पॅकेटबरोबर १६ बाइटचा शिक्का येतो. साधी गोष्ट.

४.१४ ला ६३ माहीत नाही. तो ई-नो-प्रोटो-ऑप्ट देतो, म्हणजे 'असला पर्याय मला ठाऊक नाही'. इथे जीलिबसी, म्हणजे लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी, मधे पडते. २.३४ पासून, म्हणजे २०२१ च्या ऑगस्टपासून, जीलिबसीने ६४-बिट वेळेचा पर्याय दिला, आणि त्यात जुन्या कर्नलसाठी हा पूल बांधलेला आहे. हीच चूक परत आली की ती ६३ च्या जागी २९ घालून पुन्हा विचारते. (टाइमआउटच्या बाबतीत ती १६ बाइटचं स्ट्रक्चर ८ बाइटचं करून देते, आणि आकडा मावत नसेल तर ई-ओव्हरफ्लो परत करते. स्ट्रेसमध्ये तुम्हाला एकाखाली एक दोन ओळी दिसतील: न्यू १६ अपयशी, मग ओल्ड ८ यशस्वी. हे निरोगी लक्षण आहे, त्याला घाबरू नका.)

आता कर्नल जुन्या मापाचा, ८ बाइटचा, शिक्का पाठवणार. तुमचा कोड मात्र नव्या प्रकाराची, १६ बाइटची, चिठ्ठी शोधतोय. म्हणून रिसीव्हमेसेजमधून परत येताना जीलिबसी कंट्रोल बफर चाळते. जुना शिक्का सापडला आणि नवा नसला, तर ती जुनी चिठ्ठी तशीच ठेवते आणि बफरच्या शेवटी नव्या मापाची दुसरी चिठ्ठी जोडते. मसल लायब्ररीतही असंच आहे. मसलने २०२० च्या फेब्रुवारीत १.२.० मध्ये सगळ्या ३२-बिट आर्किटेक्चरवर टाइम-टी सरसकट ६४-बिट केला, मॅक्रोबिक्रोची भानगडच ठेवली नाही.

जोडायला जागा हवी ना पण? इथे तुमचा बफर आडवा येतो. हिशोब मांडू. ३२-बिटवर सी-मेसेजचं डोकं १२ बाइटचं: लांबी ४, पातळी ४, प्रकार ४. जुन्या शिक्क्याची चिठ्ठी १२ अधिक ८, म्हणजे २० बाइट. नव्याची १२ अधिक १६, म्हणजे २८. तुम्ही कोडमध्ये सी-मेसेज-स्पेस वापरून एका टाइमव्हॅलपुरता बफर घेतलाय, म्हणजे नेमका २८ बाइटचा. ५.१० वर नवी चिठ्ठी त्यात अगदी फिट्ट बसते. ४.१४ वर कर्नल २० बाइटची जुनी लिहितो, उरतात ८, जीलिबसीला हव्यात २८. मावत नाही. मग ती चिठ्ठी न जोडता सी-ट्रंक फ्लॅग ('चिठ्ठ्यांना जागा पुरली नाही' सांगणारा) लावून मोकळी होते. तुमचा कोड तो फ्लॅग पाहतच नाही, नवा प्रकार शोधतो, सापडत नाही, 'शिक्का नाही' असं लॉग करतो आणि पुढे जातो.

म्हणजे पुस्तकात दाखवतात तसा काटेकोर बफर इथे घातक आहे. किमान ४८ बाइट हवेत. त्यातच पॅकेट-इन्फोही (पॅकेट कुठल्या पत्त्यावर आलं ती चिठ्ठी) मागवत असाल तर आणखी २४. मी सरळ २५६ बाइट घेतो. पूर्वी स्टॅकचे बाइट वाचवल्याचा मला अभिमान वाटायचा. आता २५६ लिहिताना हात थरथरत नाही. युनियनमध्ये सी-मेसेजच्या डोक्याबरोबर ठेवा म्हणजे अलाइनमेंट सुटत नाही. आणि प्रत्येक वेळी हाक मारण्याआधी कंट्रोल-लेन पुन्हा पूर्ण मापावर आणा, कारण परत येताना तो बदललेला असतो. हे विसरलात तर पहिलं पॅकेट ठीक आणि दुसऱ्यापासून शिक्के गायब, असा आणखी एक भुताटकीचा प्रकार बघायला मिळतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: टाइमआउट अडकतो कारण आकडा जुना आणि स्ट्रक्चर नवं. शिक्का हरवतो कारण आकडा आणि स्ट्रक्चर बरोबर आहेत, पण जुन्या कर्नलवर लायब्ररीला अनुवाद ठेवायला जागा नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, कारण तुमच्या बोर्डावर नक्की काय आहे ते मी पाहिलेलं नाही.

पहिली, जीलिबसीची आवृत्ती. २.३४ मध्येच असाल तर २.३५ किंवा पुढे जा. २.३४ मध्ये हा चिठ्ठी जोडण्याचा उद्योग ३२-बिट टाइम-टीच्या प्रोग्रॅमलाही लागू होता. त्यांना नवी चिठ्ठी नकोच असायची, पण बफर लहान असला की सी-ट्रंक मात्र त्यांच्याही गळ्यात पडायचा, आणि तो फ्लॅग पाहून चूक समजणारे प्रोग्रॅम उगाच मोडायचे. पुढच्या आवृत्तीत तो फक्त ६४-बिट वेळेच्या हाकेपुरता ठेवला.

दुसरी, आणि ही लोक हमखास विसरतात: तुमच्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कुणाची शेअर्ड लायब्ररी आहे का, जी जुन्या मापाने बिल्ड केलेली आहे? समजा सॉकेट ती उघडते आणि त्याच्यावर टाइमस्टॅम्प चालू करते. ती २९ मागणार. कर्नल ५.१० असला तरी त्या सॉकेटवर जुना शिक्काच येणार, कारण जुना-नवा हा त्या सॉकेटचा गुण आहे, वाचणाऱ्याचा नाही. शेवटी ज्याने सेट केलं त्याचं चालतं. म्हणजे 'आमच्याकडे सगळीकडे नवीन कर्नल आहे, बफर लहान चालेल' हेही खरं नाही. तपासायला सोपं आहे: त्याच सॉकेटवर गेटसॉकऑप्टने ओल्ड आणि न्यू दोन्ही नावांनी विचारा. जो चालू आहे त्यालाच १ परत येतं.

आणि सॉकेटपलीकडेही बघा. त्या लायब्ररीच्या हेडरमध्ये टाइम-टी किंवा टाइमव्हॅल उघडा दिसत असेल तर तुमचा अर्धा संसार ८ बाइटचा आणि अर्धा १६ चा आहे, आणि तिथे कुठलाही पूल नाही. टाइम-बिट्स ६४ ला फाइल-ऑफसेट-बिट्स ६४ सुद्धा लागतं, त्यामुळे फाइलच्या ऑफसेटचाही आकार सोबत बदलतो. डेबियनने २०२४ मध्ये एआरएमच्या ३२-बिट पोर्टवर हे स्थलांतर केलं तेव्हा अशा लायब्ररींच्या पॅकेजांना 'टी६४' शेपटी लावून सगळं एकगठ्ठा पुन्हा बिल्ड केलं, आणि आय३८६ ला मुद्दाम वगळलं, कारण तिथे जुन्या बायनरी चालत राहणं जास्त महत्त्वाचं होतं. तुमच्याही बाबतीत बिल्ड एकगठ्ठाच हवं. एखादी लायब्ररी वेंडरकडून फक्त बायनरी येत असेल तर आधी तिचा निकाल लावा, सॉकेट नंतर.

तिसरी गोष्ट कडू आहे. ४.१४ वरचा हा पूल फक्त आज प्रोग्रॅम चालावा म्हणून आहे. जुन्या शिक्क्यातला सेकंदांचा आकडा चार बाइटचाच. जीलिबसी त्याला आठ बाइटच्या कपड्यात घालते, पण आतला आकडा १९ जानेवारी २०३८ ला उलटायचा तो उलटणारच. ज्या बोर्डांना तेव्हाही चालायचं आहे त्यांना कर्नल बदलावाच लागेल. मीटरची उपकरणं पंधरा वर्षं भिंतीवर असतात, तेव्हा हा प्रश्न फार लांबचा नाही. टाइमआउटचं तसं नाही. तो कालावधी आहे, तारीख नाही, त्याला २०३८ शी देणंघेणं नाही. तो मोडला तो निव्वळ आकारामुळे.

वाचण्याच्या लूपबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मी लोकांच्या कोडमध्ये रोज चुका पाहतो. सगळ्या चिठ्ठ्या शेवटपर्यंत चाळा. पहिलीच वेळेची चिठ्ठी दिसली की ब्रेक करू नका, कारण पुलाच्या वाटेने आलेली नवी चिठ्ठी शेवटी असते. प्रकार जुळला तरी लांबी तपासा: १६ बाइट डेटा असेल तरच नव्या स्ट्रक्चरमध्ये घ्या. आणि घेताना पॉइंटर कास्ट करू नका, मेमकॉपी करा. कारण वरच्याच हिशोबात आहे: डोकं १२ बाइटचं, डेटा बाराव्या बाइटपासून, आणि १२ ला ८ ने भाग जात नाही. आठ बाइटचा सेकंद-आकडा तिथून थेट वाचणं काही प्रोसेसरवर चालून जातं आणि काहींवर बस-एरर देतं. शेवटी सी-ट्रंक फ्लॅग पाहा, आणि लागला असेल तर एकदा तरी लॉगमध्ये ओरडा. हा फ्लॅग तुम्ही लॉग केला असता तर प्रश्न विचारायची वेळ आली नसती.

मग तो मधला थर का नको? मी लिहिला होता तो असा: साइझऑफ पाहून जुना किंवा नवा आकडा आपणच निवडायचा, चूक आली तर आपणच परत विचारायचं, आपणच शिक्का रूपांतरित करायचा. दीडशे-दोनशे ओळी. चालला. मग लायब्ररी अपग्रेड झाली, तिने स्वतःच परत विचारायला सुरुवात केली, आणि माझा थर 'नवा पर्याय यशस्वी झाला' असं समजून नव्या मापाची वाट पाहू लागला, खाली कर्नल जुनाच असताना. दोन शहाणे एकाच कामाला लावले की असंच होतं. लायब्ररीला कर्नलचं खरं उत्तर दिसतं, तुमच्या थराला लायब्ररीने सारवून दिलेलं.

अपवाद एक आहे. हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंगचा जो मोठा पर्याय असतो, तीन टाइमस्पेक एकत्र देणारा, त्याच्यासाठी जीलिबसीचा हा पूल नाही. त्याचा जुना आकडा ३७, नवा ६५, डेटा २४ बाइटचा ४८ होतो. पीटीपीसाठी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं अचूक जुळवण्यासाठी, तो लागत असेल आणि ४.१४ सोडवत नसेल, तर तेवढ्यापुरता ओल्ड पर्याय स्वतः नाव घेऊन मागा आणि ३२-बिट आकड्यांच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये वाचा. तेही तिथे ठळक टिप्पणी लिहून.

बिल्डमध्ये एक स्टॅटिक-असर्ट टाका, टाइम-टी आठ बाइटचा नसेल तर कम्पाइलच होऊ नये असा. सगळ्या फाइलींत जाणाऱ्या हेडरमध्येच टाका, कारण मॅक्रो एखाद्या उप-मेकफाइलपर्यंत पोचला नाही की बाकी सगळं बरोबर असूनही एक फाइल जुनी राहते. मग स्ट्रेस लावून सगळे सेटसॉकऑप्ट एका फाइलमध्ये गोळा करा आणि ओल्ड आणि १६ एकाच ओळीत कुठे दिसतात ते शोधा. मला या सगळ्या तपासण्यांत ही सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती सोर्स काय म्हणतो ते न विचारता कर्नलच्या दारात काय पोचलं ते सांगते.

आणि लॅबमध्ये मीटर बोलत असताना चाचणी घेऊ नका. केबल काढा. २०० मिलिसेकंद, ५०० मिलिसेकंद, दीड सेकंद असे तीन टाइमआउट लावा आणि थ्रेड किती वेळाने परत येतो ते घड्याळ लावून मोजा. दीड सेकंदाचा एक सेकंदात परत आला तर कुठेतरी २० अजून शिल्लक आहे. ४.१४ च्या बोर्डावर हे करून झालं की स्ट्रेसच्या त्या दोन ओळी इथेच टाका, पुढचं त्यावरून सांगतो.